आखाडा आणि दवाखाना

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणासाठी जो तास राखून ठेवलेला असतो तो खरोखर कोणासाठी आहे, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु वार्षिक परीक्षा जवळ येऊ लागताच हा तास बीजगणिताकडे किंवा इंग्रजीकडे वर्ग करण्याचा शिरस्ता ज्या शाळांतून वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत आला आहे, आणि जेथे मैदानावर उतरणाऱ्या मुलांइतकीच मुले मैदानाच्या कडेला बसून राहिलेली दिसतात, त्या शाळा मुलांच्या शरीराविषयी काय समजतात, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ताडता येते. पदके जिंकून आणणाऱ्या चमूची छायाचित्रे मुख्याध्यापकांच्या दालनात लागतात आणि ती लागावीत हे योग्यच आहे. तथापि या विषयाच्या अध्यापनाची कसोटी मला त्या कडेला बसलेल्या मुलापाशीच लागते असे वाटते.

खटाव तालुक्यात, औंधपासून फारशा लांब नसलेल्या एका माध्यमिक विद्यालयाच्या पडवीत, या प्रश्नाच्या दोन बाजू दोन अधिकारी व्यक्तींच्या मुखातून ऐकण्याचा योग मला लाभला. एक होते तेथील व्यायामशिक्षक, ज्यांना पंचक्रोशीत सारे केवळ ‘मास्तर’ म्हणून ओळखतात. तालमीच्या मातीत वाढलेले, मल्लखांबाच्या पायाशी हयात घालवलेले आणि आता सेवानिवृत्तीला आलेले. दुसऱ्या होत्या शालेय आरोग्य तपासणीच्या पथकाबरोबर गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरबाई. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, परंतु आपले म्हणणे मांडताना जराही न कचरणाऱ्या. त्या दिवसाची तपासणी आटोपली होती आणि तक्त्यांचा गठ्ठा बांधून ठेवलेला होता. त्याच गठ्ठ्याकडे बोट दाखवून मास्तरांनी वादाला तोंड फोडले.

“डॉक्टरबाई, आपण मुलांची उंची मोजता, वजन घेता, पापणी खाली ओढून डोळा पाहता आणि हे सारे तक्त्यात भरून दुसऱ्या गावी जाता. आपल्या कामाविषयी मला आदर आहे. पण त्याने मुलाचे शरीर घडत नाही. शरीर घडते ते ठरल्या वेळी, ठरल्या जागी, कोणीतरी समोर उभे राहून रोज करून घेतले म्हणजे. आपण बसलो आहोत त्याच मुलुखात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडून घालून घेत. आता आमच्या वरच्या वर्गांना ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असा विषय आहे. मुले त्यात व्यायामाचे फायदे वहीत उतरवून घेतात, आणि ज्या तासाला ते फायदे अंगी लागायचे त्या तासाला त्यांना वर्गात कोंडून प्रमेये सोडवायला लावतात. जोर काढल्यावाचून जोर कळत नाही. पुस्तकातले आरोग्य पुस्तकातच राहते.”

“घामाविषयी माझी तक्रार नाही, मास्तर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “माझी तक्रार एवढीच, की घाम गाळण्यापुरते रक्त मुलाच्या अंगात आहे की नाही, याची विचारपूस केल्याखेरीज तुमची शिट्टी वाजते. 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात 15 ते 19 या वयाच्या मुलींपैकी शंभरांत 59 मुलींच्या अंगी रक्त कमी आढळले. प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेणारे हिमोग्लोबिनच जिच्या रक्तात अपुरे, ती मुलगी मैदानाला दोन फेऱ्या मारते न मारते तोच धापा टाकू लागणार, त्या उणिवेची भरपाई करण्यासाठी तिचे हृदय दुप्पट वेगाने धावणार, पिंडऱ्या जड होणार; आणि तुम्ही तिला सगळ्यांदेखत अंगचोर म्हणणार. ती पुढच्या तासाला पोटदुखीचे निमित्त सांगते ते आळसाने सांगत नाही. जे मूल चेंडू झेलू शकत नाही त्याला तुम्ही वेंधळे ठरवता. त्याला पाच हातांपलीकडचा चेंडू नीट दिसतच नाही, हे मी त्याच्या डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता धरल्यावर पाच मिनिटांत कळते.”

मास्तर यावर लगेच बोलले नाहीत. परंतु ते जे बोलले ते मला या सबंध वादातील सर्वांत विचारार्ह वाटले, कारण वैद्यकीय बाजूचा जो दोष सहसा कोणी उघड करीत नाही तो त्यांनी नेमका दाखवला.

“मानले. पण आपल्या चिठ्ठीचे पुढे काय होते ते आपण पाहता का? ‘यास खेळातून सूट द्यावी’ असे कोणा डॉक्टराने एकदा लिहून दिले, की ती चिठ्ठी आई जपून ठेवते, दरवर्षी नव्या वर्गशिक्षकाला दाखवते आणि पाचवीत लागलेला दमा दहावीपर्यंत त्या मुलाला निंबाखाली बसवून ठेवतो. चिठ्ठी देणारा विसरून गेलेला असतो. सोबत्यांच्या लेखी ते मूल कायमचे आजारी ठरते, आणि पुढे ते स्वतःलाही तसेच समजू लागते. माझ्या शिट्टीने एखादे मूल दमले असेल, डॉक्टरबाई. पण आपल्या चिठ्ठीने किती मुले जागच्या जागी बसली, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?”

“कोणत्याच नाही,” त्या म्हणाल्या, “आणि दम्याच्या मुलाला अशी सरसकट सूट देणे हे अशास्त्रीयच आहे. अंग सावकाश तापवून घेतले आणि डॉक्टराने नेमून दिलेले औषध वेळेवर घेतले, तर बहुतेक दमेकरी मुले धावू शकतात आणि त्यांनी धावावेच. पण सगळ्याच सुटी खोट्या नसतात. घसा दुखून ताप येतो, घरचे लोक दोन दिवस काढा देतात, ताप उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे आणि घोटे सुजतात, तेही ओसरते. आणि मागे हृदयाच्या झडपेला इजा राहून जाते. बाहेरून मूल धडधाकट दिसते. अशा मुलाला वर्षानुवर्षे ठराविक मुदतीने पेनिसिलीन टोचावे लागते आणि किती श्रम द्यायचे हे हृदयतज्ज्ञाने ठरवावे लागते. त्याला आणि दमेकऱ्याला तुम्ही एकाच निंबाखाली बसवता किंवा एकाच रांगेत पळवता, कारण दोघांतला फरक सांगणारा कागद तुमच्यापर्यंत येतच नाही.”

येथे या दोघांना क्षणभर थांबवून मला एक गोष्ट वाचकांच्या निदर्शनास आणावीशी वाटते. आखाडा आणि दवाखाना यांचा हा वाद आज दोन निरनिराळ्या खात्यांचा वाद वाटतो. पण या दोन्ही विचारांचे मूळ शोधीत गेल्यास आपण एकाच शहरात येऊन पोचतो, आणि ते शहर म्हणजे सयाजीराव महाराजांचे बडोदे. हिंदुस्थानात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती 1909 साली बडोदे शहरात. आणि त्याच बडोद्यात, त्याच सुमारास, जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव हे मुलांना लाठी, लेझीम, मल्लखांब आणि देशी हुकुमांवर चालणारी सांघिक कवायत शिकवीत होते. निखळलेले सांधे बसवणारे हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती, ही गोष्ट या संदर्भात विसरण्याजोगी नाही. त्यांच्याकडे जे तरुण शिकून गेले त्यांत जगन्नाथ गणेश गुणे हे एक होते, ज्यांना पुढे महाराष्ट्र स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागला. आखाड्यात तयार झालेल्या या गृहस्थाने 1920च्या सुमारास बडोद्याच्याच सरकारी इस्पितळात उड्डियान आणि नौली या क्रियांचा देहावर होणारा परिणाम शास्त्रीय उपकरणांनी तपासण्यास आरंभ केला, 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आणि मुंबई सरकारने 1937 साली शारीरिक शिक्षणाच्या विचारासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपदही त्यांच्याचकडे आले. पुढील वर्षी, म्हणजे 1938 साली, कांदिवली येथे व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था उभी राहिली. जोर काढणारा आणि नाडी मोजणारा असे दोघे ज्याच्या ठायी एकवटले होते अशा पुरुषाच्या हाती महाराष्ट्रातील शालेय व्यायामाची आखणी एके काळी होती, हे लक्षात घेतले म्हणजे आजची फारकत अपरिहार्य होती असे म्हणवत नाही. ती कारभाराच्या सोयीसाठी झाली. मुलाचे वजन आरोग्य खात्याच्या तक्त्यात गेले, मुलाचा तास शिक्षण खात्याच्या वेळापत्रकात राहिला, आणि एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात कागद नेण्याचे काम कोणाच्याच अंगावर टाकलेले नसल्यामुळे ते कोणी केले नाही.

मी हे बोलून दाखवताच मास्तरांना अमरावतीची आठवण झाली. 1914 साली वैद्य बंधूंनी उभारलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले, ही हकीकत त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितली. आणि हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या, लंगडी यांना ना महागडे साहित्य लागते ना विस्तीर्ण पटांगण, चुन्याच्या चार रेघा ओढल्या की चाळीस मुले एकदम खेळती होतात, तेव्हा गरिबीची सबब सांगून तास बुडवणाऱ्या शाळेला ती सांगण्याचा अधिकार नाही, असे ते आवेशाने म्हणाले. या बाबतीत मी सर्वथा त्यांच्या बाजूचा आहे.

डॉक्टरबाईही त्यांच्याच बाजूच्या निघाल्या. “खेळांविषयी दुमत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला दररोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन-तीन तासिका, त्यांतलीही एखादी परीक्षेत जाते. पण तुमची मुले अनवाणी खेळतात, मास्तर. ज्या मातीत माणसाची विष्ठा मिसळलेली असते तिच्यातून अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटते आणि तेथे बसून रक्त शोषते. फेब्रुवारीत आम्ही जंताची गोळी देतो, आठवड्याला लोहाची गोळी देतो, आणि त्याच मैदानाच्या कोपऱ्यात, भिंत पडलेली आहे तेथे, लोक पहाटे उघड्यावर बसतात.”

“अनवाणी खेळणार नाहीत तर काय करतील?” मास्तर म्हणाले. “जोडे घालून मल्लखांबावर चढता येत नाही. आणि माती वाईट कशी? तालमीच्या हौद्यात आम्ही ताक घालतो, हळद घालतो, तेल आणि लिंबू घालतो, रोज खोरून वरखाली करतो. पाय धुतल्याशिवाय हौद्यात पाऊल टाकायचे नाही, हा नियम मी वयाच्या आठव्या वर्षी शिकलो. आणि तो कोणी फळ्यावर लिहून शिकवला नाही.”

“मग हाच तुमचा आरोग्याचा धडा! हौद्याला जो नियम तो मैदानाला का नाही? भिंत बांधून घ्या, खेळ संपल्यावर प्रत्येकाला पाय आणि हात धुवायला लावा, नळाला पाणी नसेल तर त्या दिवशी तुम्हीच मुलांना घेऊन ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यायला जा. आणि हौद्याचे म्हणाल, तर त्याच हौद्यातल्या सहा मुलांना मी आज गजकर्णाचे मलम देऊन आले आहे. ती सगळी एकाच पंच्याने अंग पुसतात.”

मास्तरांनी ते निमूटपणे ऐकून घेतले आणि खिशातील लहानशा वहीत काही टिपून ठेवले.

मला या प्रसंगात विषयाचे मर्म सापडल्यासारखे वाटले. आरोग्याचे शिक्षण वर्गात बसून द्यावे आणि व्यायामाचे मैदानावर, ही विभागणीच मुळात चुकीची आहे. ज्ञान आणि कृती यांची गाठ जेथे आपोआप पडते ती जागा मैदान होय, आणि याचे एक उत्तम उदाहरण डॉक्टरबाईंनी दिले. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून नाडी कशी सापडते हे प्रत्येक मुलाला शिकवावे; बसल्या जागी मिनिटाला साधारण 70 ते 100 ठोके पडतात ते मोजून लिहावेत; मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजावेत, तेव्हा ते 150च्याही वर गेलेले आढळतील; आणि मग दर मिनिटाला मोजीत राहून ते पूर्ववत् व्हायला किती वेळ लागला, हे पाहावे. जूनमध्ये ज्याला सहा मिनिटे लागली त्याला डिसेंबरात चार लागली, तर व्यायामाचा फायदा काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या स्वतःच्या मनगटात मिळते. ज्याची नाडी सगळ्यांची शांत झाल्यावरही धावतच राहते ते मूल डॉक्टरांकडे पाठवायचे, हेही त्याच तासाला, कोणालाही न हिणवता, व्यायामशिक्षकाच्या ध्यानात येते. या पाठाला घड्याळाखेरीज साहित्य लागत नाही.

मुलींचा विषय निघाला तेव्हा मास्तर प्रथमच संकोचले. वरच्या वर्गातील मुली महिन्यातून काही दिवस कडेला बसतात. त्यांनी कारण सांगायचे नाही आणि मास्तरांनी विचारायचे नाही, असा एक अलिखित करार शाळेत चालत आलेला. “मी सूट दिली नाही, त्यांनी मागितली,” ते म्हणाले, “आणि पुरुष माणसाने यापलीकडे काय बोलावे?” डॉक्टरबाईंचे उत्तर सौम्य होते, पण त्यात माघार नव्हती. पाळीच्या दिवसांत व्यायाम निषिद्ध नाही, ज्या मुलीला फार वेदना होतात किंवा फार रक्तस्राव होतो तिने विश्रांती घ्यावी आणि औषधोपचारही घ्यावा, परंतु बाकीच्या मुली ज्या कारणाने बसतात ते कारण त्यांच्या शरीरात नसून शाळेच्या इमारतीत आहे: कडी लागणारे स्वच्छतागृह नाही, तेथे पाणी नाही, वापरलेले कापड टाकायला जागा नाही, आणि डाग पडेल या धास्तीने कोणतीही मुलगी लंगडी घालायला उठत नाही. “दोरीच्या मल्लखांबावर तुमच्याच मुली जिल्ह्यात पुढे येतात,” त्या म्हणाल्या, “त्यांना महिन्यातून पाच दिवस बसवून ठेवण्यापेक्षा तुम्ही एका शिक्षिकेला या तासाला मैदानावर बोलवा, आणि मुख्याध्यापकांकडे कडीचा तगादा लावा.” व्यायामशिक्षकाच्या कर्तव्यांत स्वच्छतागृहाच्या कडीचा समावेश होतो, हे माझ्या मते निर्विवाद आहे, आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात ते ठळकपणे नमूद व्हावयास हवे.

गुणांच्या प्रश्नावर मात्र दोघांचे जमले नाही, आणि जमेल असे मला दिसत नाही. मास्तरांचे म्हणणे असे, की ज्या विषयाला केवळ श्रेणी मिळते आणि ज्याच्यामुळे कोणी नापास होत नाही, त्याचा तास इतर विषय खाणारच. गणिताइतकेच गुण द्या, मग पाहू कोण तास मागायला येतो ते. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे, की गुण दिले की धावण्याचे सेकंद मोजले जाणार, आणि कुपोषित, अशक्त, पायाने अधू मुलाच्या गरिबीलाच आपण नापास करणार. मास्तरांनी यावर, मुलाला दुसऱ्या मुलाशी न तोलता त्याच्याच जूनमधल्या नोंदीशी तोलावे, अशी तोड सुचवली. ती मला ग्राह्य वाटते. परंतु एका शिक्षकाकडे शेकडो मुले असता इतक्या नोंदी कोण ठेवील, हा डॉक्टरबाईंचा आक्षेपही तितकाच खरा आहे, आणि पुरेसे व्यायामशिक्षक नेमण्याची तरतूद झाल्यावाचून त्याला उत्तर नाही.

जाण्यासाठी उठताना डॉक्टरबाईंनी तक्त्यांचा गठ्ठा उचलला, तेव्हा मास्तरांनी त्याची एक नक्कल मागितली. त्या कचरल्या. मुलाच्या आजाराची वाच्यता शाळेत झाली तर त्याचे काय होते, हे त्यांनी पाहिलेले होते.

“मला रोगाचे नाव नको,” मास्तर म्हणाले. “पटावर प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: मोकळे सोडा, सांभाळून घ्या, थांबवा. एवढ्यावर मी माझी रांग लावीन.”

“करते. पण ‘सांभाळून’ आणि ‘थांबवा’ या खुणांपुढे मी तारीख घालीन. त्या तारखेला सूट संपली.”

“आणि संपल्यावर पुन्हा तपासणार कोण? आपले पथक अंगणवाडीला वर्षातून दोनदा येते, शाळेला एकदाच.”

“ग्रामीण रुग्णालयात दर आठवड्याला मी बसते. मुलाला तेथे घेऊन यायचे.”

“आईबाप रोजंदारी बुडवून येणार नाहीत, डॉक्टरबाई.”

“म्हणून तर तुम्हाला म्हणते आहे.”

मास्तरांनी पट मागवून घेतला, मधल्या पानावर उभी रेघ ओढून तारखेसाठी एक रकाना पाडला, आणि तो त्यांच्यापुढे सरकवीत विचारले, “पहिले नाव सांगा.”